ॲल्कोचा आवाज डबीत कोंबताना: मॉडेल इंजिनात स्पीकर नेमका बसवायचा कसा?

खटपट्या (शनिवार, रात्री ११.२०)

मंडळी, मदत हवी आहे. घरात सगळे झोपलेत, त्यामुळे कुजबुजत लिहितोय असं समजा.

चार वर्षं झाली, एचओ मापात (१:८७) रूळ मांडून बसलोय. पुण्यातल्या दोन खोल्यांत मावेल तेवढंच, म्हणजे पलंगाखालून ओढून काढायचा सहा फुटी पाट. दिवाळीत बहीण अमेरिकेहून आली तेव्हा तिच्या बॅगेतून ॲल्को या अमेरिकी कंपनीच्या आरएसडी-१५ डिझेल इंजिनाचं मॉडेल आलं. आपल्या रेल्वेचं डब्लूडीएम-२ नव्हे, मान्य. पण सहा ॲक्सल आणि हुडखाली तेच १६ सिलिंडरचं २५१ जातीचं इंजिन, म्हणजे चुलतभाऊच. (शुद्धतावाद्यांसाठी: आपल्या ब्रॉडगेजच्या १६७६ मिमीला ८७ ने भागलं तर १९.२६ मिमीचा रूळ हवा. आपण सगळे १६.५ वर चालवतो. तेव्हा भांडायचं तर आधी तिथून सुरुवात करा.)

इंजिन मुकं होतं. मी त्यात लोकसाउंड ५ डीकोडर (मोटर आणि आवाज चालवणारी चिप) बसवला, १६ सिलिंडर २५१ ची ध्वनीफाइल भरली. सोबत आलेला ११ बाय १५ मिमीचा शुगरक्यूब स्पीकर त्याच्या डबीसकट हुडात दोन बाजूंच्या टेपने चिकटवला. आवाज ठीक होता. ठीक म्हणजे ॲल्को आहे हे कळत होतं, पण टाकीवरच्या पंपासारखी.

मग हाव सुटली. १६ बाय ३५ मिमीचा लंबगोल, ८ ओमचा स्पीकर मागवला. त्याला १ मिमी स्टायरीन (प्लास्टिक) शीटची डबी केली, आतली उंची १२ मिमी. रेडिएटरच्या पंख्याच्या जाळीखाली तोंड वर करून बसवला. एक अख्खा शनिवार गेला. बटण दाबलं आणि पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा आवाज! आधीच्या बोटभर स्पीकरपेक्षाही वाईट. दुप्पट मोठा स्पीकर आणि निम्मा आवाज, हे गणित मला इस्कटून सांगेल का कुणी?

सोल्डरबाबा (शनिवार, रात्री ११.५२)

स्पीकर बदलायच्या आधी चार प्रश्न.
डबीला मागचं झाकण आहे का? तारा कुठून बाहेर काढल्यात? स्पीकर डबीला कशाने लावलाय? आणि स्पीकरचं तोंड आणि जाळी यांच्यात किती अंतर आहे?

उत्तरं नकोत, फोटो टाका. लोक उत्तरात "सगळं बंद आहे" म्हणतात आणि फोटोत भगदाड असतं.

अवांतरवाला (रविवार, सकाळी ७.०५)

माझा या छंदाशी संबंध नाही, पण "टाकीवरच्या पंपासारखी" वाचून चहा सांडला. वाचनखूण साठवली आहे.

खटपट्या (रविवार, सकाळी ९.३०)

फोटो चढवले. बाबा, भगदाड नाहीये हो. मागे झाकण आहे. तारांसाठी २ मिमीची दोन भोकं पाडलीत, तेवढंच. स्पीकर कडेने चार ठिकाणी सुपरग्लूच्या थेंबाने टेकवलाय. जाळीपर्यंत ४ मिमी अंतर असेल.

सोल्डरबाबा (रविवार, सकाळी १०.१०)

"तेवढंच" म्हणे. अहो, तेवढ्यातच सगळं गेलं.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा ताणली जाते. पुढे अधिक, मागे उणे. या दोघांची गाठ पडली की वजाबाकी होते. उंच सूर त्यातूनही बरेचसे निसटतात, कारण त्यांची लाट आखूड असते. खालच्या सुरांची लाट लांबच लांब. ५०० हर्ट्झची लाट जवळपास ६८ सेंमीची, तिला तुमच्या दीड सेंमीच्या स्पीकरला वळसा घालून मागच्या बाजूला भेटायला कितीसा वेळ लागणार? म्हणून उघड्या स्पीकरातून फक्त चिरचिर ऐकू येते.

डबीचं काम आवाज "घुमवणं" हे नाहीच. मागची लाट कोंडून ठेवणं हे आहे. डबी एकतर हवाबंद असते किंवा नसते, मधली अवस्था नाही. तुमच्या फोटोत तारांची दोन भोकं आहेत, चार थेंबांच्या मध्ये चार फटी आहेत आणि उजवीकडच्या कोपऱ्यात शीटचा सांधा उघडा दिसतोय, झूम करून बघा. शुगरक्यूबची डबी साच्यातून आली होती, तिला फटी नव्हत्या. म्हणून तो बोटभर तुमच्या लंबगोलाला भारी पडला.

आणि हो, सुपरग्लू. पडद्याच्या कडेला जी मऊ घडी असते तिच्यात तो केशाकर्षणाने शिरतो आणि वाळून कडक होतो. थेंब घडीपासून लांब पडले असतील तर नशीब तुमचं.

ठेका_धरा (रविवार, सकाळी १०.४०)

तबलजी म्हणून नाक खुपसतो. डग्ग्याच्या भांड्याला टिकलीएवढं छिद्र पडलं तर घुमारा कुठल्या कुठे जातो, आणि माणूस मात्र शाई तपासत बसतो, गजरा ठोकत बसतो. माझ्या पहिल्या डग्ग्याला झाळण सुटलं होतं, ते कळायला मला सहा महिने लागले. खटपट्या, तुमचा डग्गा फुटलाय.

दौंडची_पोर (रविवार, सकाळी ११.१५)

बाबांच्या कलाने घेत एक सोपा प्रयोग सांगते, कारण वाचून पटत नाही, ऐकून पटतं.

स्पीकर इंजिनातून काढा. तारा डीकोडरला जोडलेल्याच ठेवा. टेबलावर उघडा धरून इंजिन सुरू करा: माशी. आता खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घ्या, कडेला ब्लू टॅकची (भिंतीवर कागद चिकटवायच्या मऊ लगद्याची) वळकटी गोल फिरवा आणि स्पीकर त्यावर दाबून बसवा, तोंड बाहेर. लंबगोल झाकणावर नीट बसत नसेल तर आधी जुन्या शुगरक्यूबवर करून बघा. मग ब्लू टॅक एका ठिकाणी टाचणीने उचलून फट पाडा आणि परत दाबा. फट, बंद, फट, बंद. आवाज दिव्यासारखा चालू-बंद होतो. माझ्या भाच्याने हा खेळ अर्धा तास केला, शेवटी औषधाचं झाकण हरवलं म्हणून आईने दोघांना ओरडा दिला.

अवांतर: मी रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले. ॲल्को नुसती चालू ठेवून जागेवर उभी असली की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे पेले वाजायचे. तो आवाज तुमच्या स्पीकरातून येणार नाही, आधीच सांगून ठेवते.

हॅनोव्हरकर (रविवार, दुपारी ४.२५)

दौंडच्या ताईंचा शेवटचा मुद्दा अवांतर नाही, खरा मुद्दा तोच आहे. गणित मांडतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. १६ सिलिंडर म्हणजे एका फेरीत ८ स्फोट. डब्लूडीएम-२ नुसतं चालू ठेवून उभं असताना मिनिटाला ४०० फेरे: सेकंदाला ५३ स्फोट. आठव्या म्हणजे शेवटच्या नॉचला (जोर वाढवायच्या टप्प्याला) १००० फेरे: १३३. म्हणजे मूळ सूर ५३ ते १३३ हर्ट्झ. ५३ हर्ट्झची लाट सव्वासहा मीटरहून लांब. आपल्या स्पीकरचा पडदा १६ मिमीचा. हे स्पीकर साधारण काहीशे हर्ट्झच्या खाली हात टेकतात. मांडणीवरचे पेले विसरा.

मग आपल्याला तो आवाज ॲल्कोचा का वाटतो? कारण मेंदू उदार आहे. मूळ सूर गायब असला तरी त्याच्या दुपटी, तिपटी, चौपटी हजर असतील तर मेंदू मूळ सूर आपल्या पदरचा घालून घेतो. जुन्या लँडलाइन फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच जात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर त्याच्या कितीतरी खाली. तरी वडिलांचा फोन आला की वडीलच बोलतात, कुणी मावशी बोलत नाहीत.

तेव्हा ५३ हर्ट्झच्या मागे लागू नका. साधारण ४०० पासून वरचं स्वच्छ, न फाटता निघालं की बाकीचं काम कान करतो. फट असलेली डबी नेमकी हाच ४०० ते १००० चा पट्टा खाते, म्हणून ती इतकी बोचते.

वाफेच्या इंजिनवाल्यांची मात्र मजा. "भक भक" हा मुळात गोंगाट, त्यात सगळ्या पट्ट्या असतात; शिट्टी तर उंचच. कसलाही स्पीकर चालून जातो. डिझेल तुमचं कसब उघडं पाडतं.

खटपट्या (रविवार, रात्री ९.५०)

झाकणाचा प्रयोग केला. बायकोला बोलावून ऐकवला. ती म्हणाली, "दुसरा चांगला आहे, पण आपण झाकणासकट इंजिन चालवणार आहोत का?"

पटलं. आता डबी नव्याने बांधतो. सांधे कशाने भरू? घरात बाथरूमला वापरलेलं सिलिकॉन आहे.

सोल्डरबाबा (रविवार, रात्री १०.०५)

थांबा! ट्यूबचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर ते इंजिनाच्या जवळपासही आणू नका. ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि तांब्याच्या तारा, डीकोडरचे सांधे हिरवे करतं. बंद हुडात तर ती वाफ जाणार कुठे? न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन चालतं. मी मात्र सिलिकॉनच वापरत नाही.

माझी पद्धत: स्टायरीनला स्टायरीन जोडायचं ते शीट विरघळवणाऱ्या पातळ सिमेंटने, कुंचल्याने सांध्यावर फिरवून. ते वाळलं की आतल्या सगळ्या कोपऱ्यांवरून पांढऱ्या पीव्हीए गोंदाचा एक हात. असल्या-नसल्या फटीत तो ओढला जातो. रात्रभर वाळू द्यायचं. स्पीकर बसवायला विमानाच्या मॉडेलच्या काचा लावायचा कॅनपी ग्लू, कडेने अखंड, एकही जागा न सोडता. तो रबरासारखा राहतो, चुकलं तर स्पीकर सोलून काढता येतो. सुपरग्लूने लावलेला स्पीकर फक्त फोडून निघतो.

तारांसाठी भोक पाडायचंच असेल तर तारेच्याच जाडीचं पाडा, तार घाला आणि आतून-बाहेरून थेंब टाका. त्याहून बरं म्हणजे स्पीकरच्या टोकांच्या पट्ट्या डबीच्या बाहेरच राहतील अशी रचना करा, मग भोकाचा प्रश्नच मिटला.

लीड्सकर (सोमवार, पहाटे २.१५)

इकडे अजून रविवार आहे, म्हणून बोलतो. इंग्लंडात माप वेगळं, १:७६, रूळ मात्र तोच १६.५. त्यामुळे आमच्या इंजिनांच्या पोटात थोडी जास्त जागा.

बाबांशी एका बाबतीत वाद घालतो. वेगळी डबी कशाला? वाफेच्या इंजिनाचा टेंडर (मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा) अख्खा डबीसारखा वापरता येतो. स्पीकर तळाला, तोंड रुळाकडे, तळाला भोकं, आणि टेंडरची टोपी कडेने ब्लू टॅक लावून बंद. हवा जितकी जास्त तितका खालचा सूर बरा. माझ्या दोन इंजिनांत असंच आहे आणि भल्याभल्या डब्यांना ती ऐकत नाहीत.

जुन्या मोबाइल फोनमधले स्पीकर काढून वापरायचीही इथे एके काळी लाट होती. ते आपल्या डबीसकट येतात, कारखान्यात बंद केलेले, पातळ, आणि मापाच्या मानाने आवाज मोठा. फक्त ते फार नाजूक असतात, डीकोडरचा आवाज आधी कमी करून मगच जोडायचे.

सोल्डरबाबा (सोमवार, सकाळी ८.४०)

टेंडरचं मान्य. पण पहिल्यांदा आत काही दुरुस्ती करायला टोपी काढलीत आणि ब्लू टॅक परत नीट लावला नाहीत, की पुन्हा माशी. शिवाय खटपट्यांच्या डिझेलच्या हुडाला जाळ्या आहेत, दारांच्या फटी आहेत, खालून चाकांकडे उघडं आहे. ते कोण बंद करणार? वेगळी डबी एकदा केली की जन्माची.

लीड्सकर (सोमवार, दुपारी १.३०)

जाळीवाल्या डिझेलला डबीच, मान्य. टेंडरचं मी सोडणार नाही.

तिसरी_घंटा (सोमवार, रात्री ८.१५)

एक अनुभव लिहितो, दुसऱ्याने करू नये म्हणून.

जागा करायला मी इंजिनातली वजनाची पोलादी पट्टी कापली. हॅकसॉ, कानस, सगळं त्याच टेबलावर. स्पीकर शेजारी पिशवीतून काढून ठेवलेला. स्पीकरच्या पाठीत चुंबक असतं हे मला शाळेपासून माहीत आहे, तरी डोक्यात आलं नाही. बसवल्यावर आवाजात खर्र खर्र. भिंग लावून पाहिलं तर पडद्याच्या मधल्या गोलाभोवती लोखंडाचा कीस दाढीच्या खुंटासारखा उभा! टेपने उचलला, फुंकला, सुईने काढला. जो कॉइलच्या फटीत गेला होता तो काही निघाला नाही. स्पीकर गेला.

आता नियम केलाय: कापाकापी गॅलरीत, स्पीकर आतल्या खोलीत, मध्ये आंघोळ.

सोल्डरबाबा (सोमवार, रात्री ८.३०)

आंघोळ हा नियम घटनेत घाला. बरीच वजनं जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, ती चुंबकाला चिकटत नाहीत. पण त्यांचाही कीस डीकोडरवर पडला तर दोन पिना जोडून धूर काढतो, तेव्हा निष्काळजीपणा नको.

आणि वजन कापताना तराजू जवळ ठेवा. १५-२० ग्रॅम गेले की चढाला दोन डबे कमी ओढले जातात. आवाज घाटातला आणि गाडी जागच्या जागी, असं व्हायला नको.

खटपट्या (मंगळवार, रात्री ११.१०)

डबी २.० तयार. पीव्हीए वाळतोय. तोवर एक शंका. दोन स्पीकर लावले तर? जुना शुगरक्यूब कॅबखाली मोकळा पडलाय. तो ४ ओमचा, नवा ८ चा.

दौंडची_पोर (मंगळवार, रात्री ११.३५)

हावरट!

लोकसाउंड ५ ला ४ ते ३२ ओम चालतात. तुमचे दोन समांतर लावले तर २.७ ओमच्या आसपास, म्हणजे डीकोडरचा ॲम्प्लिफायर तापणार. एकामागे एक लावले तर १२ ओम, चालेल, पण दोघांत वाटणी समसमान होणार नाही. दोन लावायचेच तर एकाच जातीचे घ्या: ८ चे दोन समांतर लावले की ४, किंवा ४ चे दोन एकामागे एक लावले की ८.

दुसरं म्हणजे दोघांचे पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे गेला तर पुन्हा वजाबाकी, या वेळी स्वतः पैसे देऊन केलेली. तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, तारा क्षणभर टेकवा, टिक असा आवाज येईल आणि पडदा हलताना दिसेल. बाहेर आला तर सेलच्या अधिक टोकाला जी पट्टी होती तिच्यावर मार्करने ठिपका द्या. शुगरक्यूबचा पडदा इतका कमी हलतो की दिव्याची तिरीप त्यावर तिरकी पाडावी लागते. टेकवायचं क्षणभरच, धरून ठेवायचं नाही.

तिसरी_घंटा (बुधवार, सकाळी ९.००)

ओमवरून आठवलं. जुन्या लोकसाउंड ३.५ ला १०० ओमचा स्पीकर लागायचा. कुणाकडे जुना डीकोडर पडला असेल आणि त्याला आजचा ८ ओमचा स्पीकर लावायचा मोह झाला तर आवरा. माझ्या एका मित्राला आवरला नाही. (मित्र म्हणजे मीच.)

हॅनोव्हरकर (बुधवार, दुपारी ३.४५)

एक छोटी युक्ती, इथे कुणी लिहिलेली दिसली नाही. जे सूर स्पीकरला काढताच येत नाहीत ते त्याच्याकडे पाठवायचेच कशाला? पडदा बिचारा ५३ हर्ट्झवर धडपडतो, आवाज शून्य, आणि त्या धडपडीत वरचे सूर फाटतात.

एका तारेत नॉन-पोलर कपॅसिटर घाला. ८ ओमला १०० मायक्रोफॅरड असेल तर साधारण २०० हर्ट्झखालचं हळूहळू गळत जातं, ४७ असेल तर साधारण ४२०. मी आधी १०० लावून बघतो. साधा इलेक्ट्रोलिटिक नको, कारण स्पीकरला प्रवाह दोन्ही दिशांनी जातो. ऐकताना आधी वाटतं काहीतरी कमी झालं, मग आवाज वाढवला की कळतं, आता तो फाटत नाहीये.

आवाज वाढवण्याबद्दल: लोकसाउंडमध्ये एकूण आवाजाचा सीव्ही (डीकोडरमधल्या सेटिंगचा क्रमांक) ६३, झिमो कंपनीच्या डीकोडरमध्ये २६६. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे. आठवा नॉच देऊन हॉर्न दाबायचा, फाटतो तिथून खाली यायचं, आणि मग आणखी थोडं खाली. १:८७ चं इंजिन तीन फुटांवरून बघतो तेव्हा आपण खरं तर ८० मीटरवर उभे असतो. ८० मीटरवरून ॲल्को कानठळ्या बसवत नाही.

अवांतरवाला (बुधवार, दुपारी ४.१०)

हे गणित आमच्या मंडळाच्या डीजेला कुणी सांगेल का?

सोल्डरबाबा (बुधवार, रात्री ९.२०)

सांगा आणि पावती आणा.

खटपट्या, डाख देताना: तार आणि पट्टी दोन्हींवर आधी कथलाचा पातळ थर चढवून घ्या, मग टेकवून लगेच उचला. दोन सेकंदांच्या वर सोल्डरिंग आयर्न टेकवलं तर पट्टीखालचं प्लास्टिक वितळतं आणि आतली केसाएवढी तार तुटते. स्पीकर वरून ठणठणीत दिसतो आणि मुका होतो. तारा बारीक आणि मऊ घ्या, जाड तार डबीला ढकलत राहते. आणि उघडी टोकं कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपने) झाका. स्पीकरची एकही तार चेसिसला लागता कामा नये, लागली तर स्पीकर वाचेल आणि डीकोडर जाईल.

खटपट्या (शनिवार, रात्री १०.३०)

अहवाल.

डबी २.० बसवली. कॅनपी ग्लू अखंड, तारांच्या पट्ट्या बाहेर, कोपरे पीव्हीएने बंद. डबीची वरची कड आणि हुडाची आतली बाजू यांच्यामध्ये १ मिमी फोमची चौकट चिकटवली, म्हणजे आवाज हुडात न फिरता सरळ जाळीतून बाहेर पडतो. जाळीच्या पाठीमागे प्लास्टिक बंद होतं, ते सुईएवढ्या ड्रिलने भोकं पाडून उघडलं. हे मी आधी केलंच नव्हतं! म्हणजे पहिल्या वेळी मागची लाट मोकाट आणि पुढची कोंडलेली, बरोबर उलटं. दुसरा स्पीकर लावला नाही.

सुरू केलं. पहिल्याच स्टार्टला बायको आतल्या खोलीतून म्हणाली, "खाली टेम्पो आलाय का?"

यापरती पावती नाही. टर्बोची शीळ वेगळी ऐकू येते, नॉच बदलला की इंजिन क्षणभर दचकतं तेही कळतं. ५३ हर्ट्झ नाही हे माहीत आहे, पण कानाला ते पटत नाही. हॅनोव्हरकरांचा कपॅसिटर १०० चा मिळाला, लावला. आवाज सीव्ही ६३ ला चांगलाच खाली आणला.

पण. चौथ्या नॉचला कुठूनतरी झर्रर्र असं कंप येतंय. फक्त चौथ्याला. तिसऱ्याला नाही, पाचव्याला नाही.

सोल्डरबाबा (शनिवार, रात्री १०.४५)

एकाच नॉचला असेल तर स्पीकर निर्दोष आहे. फाटका स्पीकर सगळीकडे फाटतो. इंजिनातली कुठली तरी सुटी वस्तू त्या सुराला नाचतेय. चौथ्या नॉचला ठेवा आणि एकेक भागावर बोट टेकवत जा: खिडक्यांच्या काचा, दिव्यांची पट्टी, हँडरेल, कॅब. जिथे बोट टेकवल्यावर थांबेल तो चोर.

खटपट्या (रविवार, सकाळी ८.५५)

चोर सापडला. कॅबमधला ड्रायव्हर. सीटवरून सुटून काचेला टेकून उभा होता आणि चौथ्या नॉचला थरथरत होता. परत चिकटवला, सुपरग्लूने, इथे चालतो.

दौंडची_पोर (रविवार, दुपारी १२.२०)

तुम्ही टाकलेली क्लिप घरी वडिलांना ऐकवली. आयुष्य ॲल्कोवर गेलेला माणूस. चष्मा काढून, डोळे मिटून दोनदा ऐकलं. म्हणाले, "रिकामं इंजिन आहे. मागे काहीतरी जोड म्हणावं, मग बोलेल ते."

खटपट्या (रविवार, दुपारी १२.४०)

ताई, वडिलांना नमस्कार सांगा. पाटावर सहा डब्यांपुढे जागा नाही. ध्वनीफाइलमध्ये भार वाढवून बघतो आणि नवी क्लिप टाकतो. डोळे मिटून ऐकणारा माणूस आहे म्हटल्यावर सहा डबे पुरतील असं वाटत नाही.

बारकी_लाइन (रविवार, रात्री १०.१५)

उशिरा आले. एन मापात (१:१६०) डिझेल आहे, हुडाची आतली रुंदी ९ मिमी. शुगरक्यूबसुद्धा आडवा बसत नाही. काय करू?

सोल्डरबाबा (रविवार, रात्री १०.३०)

तेल टाकीत बघा, किंवा मागचा डबा कायमचा जोडून त्यात स्पीकर. सविस्तर हवं तर नवा धागा काढा, आणि येताना फोटो घेऊन या.